घरची भाकर आणि गावचे कॉलेज



राहायला गाव कोणते चांगले, असे कोणी विचारले तर आपण पाणी, रस्ता, बाजार आणि डॉक्टर पाहतो. ते बरोबरच आहे. पण शाळा संपलेल्या मुलाला घरची भाकर खाऊन पुढे शिकता येईल का, हेही पाहायला हवे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. पण दूरच्या खेड्यातल्या मुलाने तिथवर पोचायचे कसे? 1875 च्या सुमारास कोकणातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे एका सरकारी परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट! आणि तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मुंबईत राहून 1884 साली ते बी. ए. झाले. कर्वे टिकले. जे वाटेतून मागे फिरले, त्यांची नावे इतिहासात सापडत नाहीत.

आता ठाणे जिल्ह्यातली भिवंडी पाहा. 1854 साली आगगाडी ठाण्याहून कल्याणला गेली, आणि भिवंडी बाजूला राहिली. गावात हातमाग होते. विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि दूरदूरच्या मुलखातून माणसे पोटासाठी इथे येऊन राहिली. हाताला काम देणारे गाव, पण कॉलेज नव्हते. मग मॅट्रिक झालेल्या पोराचे करायचे काय? मुंबईत नातेवाइकाकडे ठेवायचे, बिऱ्हाडच हलवायचे, की मागावर लावायचे? मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न बहुतेक घरांत निघतच नसे.

1966 साली भिवंडीत बी. एन. एन. कॉलेज निघाले. ही अक्षरे म्हणजे भिवंडी निजामपूर नगरपालिका. आज शहराला महानगरपालिका आहे, कॉलेजाच्या नावात मात्र जुनी नगरपालिका कायम आहे. 1989 साली मुलींसाठी जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय सुरू झाले. मुलगी सकाळी जाऊन दिवसाउजेडी घरी येते, एवढ्यानेही कितीतरी आईबापांचे मन वळते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

कॉलेज आले म्हणजे गावाची सारी दुखणी गेली, असे मात्र नव्हे. मागांचा खडखडाट आहे, वस्तीची दाटी आहे. शिवाय चूल आज पेटायची असते आणि पदवी मिळायला तीन वर्षे लागतात. पोराला मागावर धाडणारा बाप काही शिक्षणाचा वैरी नसतो.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पालकांनो, बिऱ्हाड हलवताना भाड्याबरोबर कॉलेजाचे अंतरही मोजा, आणि मुलीसाठीही मोजा. आणि गुरुजी, निकाल लागला की जे पोर पुढच्या वर्गाला नाव घालायला आले नाही, त्याच्या घरी एकदा जाऊन या. फीच्या सवलतीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत न्या. कॉलेज गावात आले आहे. त्या घरापासून कॉलेजाच्या फाटकापर्यंतची वाट तुम्हीच दाखवू शकता.