वेड्याचें शरीर

शहाण्या मनुष्याच्या पोटांत दुखूं लागलें कीं तो तें सांगतो, आणि ऐकणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. वेड लागलेल्या मनुष्याचें तसें नाहीं. ‘माझ्या पोटांत साप शिरला आहे’ असें तो म्हणाला, तर ऐकणारा हंसतो व पुढें जातो. त्या सापाच्या रूपानें आंतड्यांतील व्रण बोलत असेल, ही शंका फार थोड्यांस येते. वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास चाळला, तर तेथील पुष्कळसें दुःख या एका अविश्वासापोटीं जन्मलेलें दिसतें.

हिंदुस्थानांत वेड्यांसंबंधींचे कायदे १८५८ सालीं झाले. त्यांच्या आश्रयस्थानांवर देखरेख तुरुंगखात्याची असे. ती १९०५ च्या सुमारास सिव्हिल सर्जनांकडे आली. त्यानंतर १९१२ चा कायदा झाला आणि ‘वेड्यांचा आश्रम’ जाऊन ‘मानसिक रोग्यांचें इस्पितळ’ हें नांव रूढ झालें. नांव बदललें, तरी नोकर मात्र बराच काळ पहारेकरीच राहिला. कुलूप लावणें, माणसें मोजणें व अंगावर धांवून येणाऱ्यास आवरणें, एवढेंच त्याचें शिक्षण. रोगी मरत ते बहुधा वेडानें नव्हे, तर हगवणीनें व क्षयानें. आणि त्यांचीं पहिलीं चिन्हें ज्याच्या नजरेस पडावयाचीं, त्या नोकरास तीं ओळखण्यास कोणी शिकविलेलेंच नसे.

ही उणीव विलायतेंत आधीं ध्यानांत आली. तेथील वेड्यांच्या वैद्यांच्या मंडळानें १८८५ सालीं नोकरांसाठीं एक लहानसें पुस्तक काढलें. त्यांत मनाच्या विकारांबरोबरच शरीराचे व्यापार व आजाऱ्याची शुश्रूषा यांचीही माहिती होती. वेड्यास सांभाळणाऱ्यानें आधीं देह जाणला पाहिजे, हा विचार तेव्हांच मान्य झाला होता.

पुढें शास्त्रानेंही त्याच विचारास पुष्टि दिली. बुद्धिभ्रंश व पक्षाघात यांनीं माणसास संपविणारा एक प्रकारचा उन्माद इस्पितळांत फार आढळे. १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतु दाखविले. अमेरिकेंत डॉक्टर गोल्डबर्गर यांना १९१४ सालीं आणखी एक नवल दिसलें. पेलाग्रा नांवाच्या रोगांत कातडी काळवंडून फाटते, हगवण लागते आणि बुद्धि भ्रमते. तो रोग्यांस होई. पण त्याच आवारांत वावरणाऱ्या नोकरांस होत नसे! सांसर्गिक रोग असा निवड कशी करील? दोघांचें अन्न निराळें होतें. जॉर्जिया संस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनीं दूध, अंडीं, मांस व कडधान्यें वाढविलीं, आणि रोग हटला. अन्नांत उणें पडणारें तें द्रव्य, म्हणजे निकोटिनिक ॲसिड, १९३७ सालीं उघडकीस आलें.

ही कथा सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. पेलाग्रा हा मक्यावर जगणाऱ्यांचा रोग मानीत. परंतु हैदराबादच्या डॉक्टर गोपालन व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं दख्खनच्या पठारावर तो जोंधळ्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांतही होतो. त्यांनीं सांगितलेल्या कारणाविषयीं पुढें वाद झाला, रोगाविषयीं नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुका हा त्याच पठारावरचा. तेथील शेतकऱ्याची न्याहारी भाकरीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीची, आणि शेंगदाण्यांत तें द्रव्य भरपूर. दुष्काळांत ताटांतली चटणी गेली, डाळ गेली, कीं नुसत्या भाकरीवर जगणाऱ्यास धोका उत्पन्न होतो. अशा मनुष्यास कोणी ‘वेडा’ म्हणून आणला, तर त्याचे हात उलटून पाहणारा नोकर दारीं हवा.

असे नोकर तयार करण्याचें काम आपल्या देशांत सावकाश झालें. १९४६ च्या भोर समितीस ४० कोटी लोकसंख्येमागें मनोरुग्णांसाठीं जेमतेम १०,००० खाटा दिसल्या. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम बंगलोर येथें १९५६ सालीं सुरू झाला, व १९६५ सालीं हा विषय परिचारिकांच्या पदवी-शिक्षणांत आला.

दरम्यान १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग झाला आणि साखळ्या गळूं लागल्या. परंतु त्यानंतर आलेल्या कित्येक औषधांनीं वजन वाढतें, मधुमेह जडतो. तीव्र मानसिक रोग असणारीं माणसें इतरांपेक्षां १० ते २० वर्षें लवकर मरतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, व त्यांतील बहुतेक मृत्यु शरीराच्या रोगांनीं होतात. त्याकरितां तिनें २०१८ सालीं मार्गदर्शिका काढली. आपल्या २०१७ च्या कायद्यानेंही मनोरुग्णास शरीराच्या रोग्याबरोबरीची वागणूक देण्याचें बंधन घातलें आहे.

या शिक्षणांत दुर्घट असें कांहीं नाहीं. दरमहा वजन, कमरेचें माप, रक्तदाब, साखर. दांत, पाय, भूक व शौच यांची विचारपूस. माळशिरसहून म्हातारी आई मुलास घेऊन येरवड्यास जाते, ती त्याचें मन आणि देह निरनिराळे सोंपवीत नाहीं. तो ‘पोटांत साप आहे’ म्हणाला, तर तेथील परिचारकानें हंसूं नये. त्याच्या पोटावर हात ठेवून पाहावें.