हेलियम, जमखंडी आणि माझी एक दुरुस्ती

मंडळी, विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पाहिलेत ना? १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने तिथून हेलियम शोधला, असं मी साताऱ्या-सांगलीच्या सगळ्या भाचेकंपनीला वर्षानुवर्षं सांगत आलो. ते चूक होतं. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ च्या ग्रहणाला.

मग १८ ऑगस्ट १८६८ ला आपल्या बाजूला कोण होतं? लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचे नातू. आणि ते होते जमखंडीत! आज ती कर्नाटकात आहे, पण तेव्हा सांगलीसारखंच पटवर्धनांचं संस्थान. वाई, कऱ्हाड, सांगली करत गेलेली आपली कृष्णा तिकडूनच पुढे जाते. ऐन पावसाळ्यात, ढगांच्या फटीतून हर्शेलना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेचा वर्णपट दिसला. तांबडी, नारिंगी, निळी अशा ३ ठळक रेषा. नारिंगी त्यांना सोडियमची वाटली. दोन महिन्यांनी लॉकियरनी ग्रहणाशिवायच ती रेषा पाहिली, तर ती सोडियमच्या जागेवर नव्हती. तोच हेलियम! पृथ्वीवर तो रॅम्झींना सापडला १८९५ मध्ये.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. हा हेलियम सूर्यात एका जागी राहत नाही. सूर्याचा बाहेरचा सुमारे ३० टक्के थर गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा खदखदतो. (कऱ्हाडकरांना जास्त सांगायला नको.) उकळत्या रसात काही तळाला बसत नाही, सगळं एकजीव. त्याखाली मात्र शांतता. तिथे हायड्रोजनपेक्षा जड असलेला हेलियम खाली सरकतो, पुराचं गढूळ पाणी कळशीत निवळावं तसा. पण वेग असा, की ४.६ अब्ज वर्षांत वरच्या थरातला जेमतेम दहावा हिस्सा खाली गेला.

हे कळलं सूर्याच्या थरथरण्यावरून. मुंबईच्या टीआयएफआरमधले एच. एम. अँटिया आणि तिथेच पीएच.डी. केलेल्या सर्वाणी बसू यांनी १९९५ मध्ये त्या लहरींवरून वरच्या थरातला हेलियम मोजला : वजनाने सुमारे २५ टक्के. जन्मतः तो २७ च्या आसपास असावा. हे खाली बसणं हिशेबात धरलं, की सूर्याचं गणित लहरींशी बरंच चांगलं जुळतं.

पण सगळं नुसतं बसतच असतं, तर लिथियमचं कोडं सुटत नाही. उल्कांच्या मानाने सूर्याच्या पृष्ठभागावर तो शंभराहून जास्त पटींनी कमी. तो जळायला सुमारे २५ लाख अंश लागतात, आणि काहिलीचा तळ आज तेवढा तापत नाही. म्हणून तळाखालीही थोडं ढवळणं चालू असावं, असं मानतात.

असो. ज्यांना मी विजयदुर्ग सांगितलं, त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावं. यापुढे आमची गोष्ट जमखंडीपासून सुरू होईल.