बाळगोळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे रिलीज होतं, त्यामुळे दोन वीकेंड हापिसातच गेले. आजचा विषय जरा जड आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात झाली आजीच्या फोनने. आजी धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी असते. (सरकारदरबारी उस्मानाबादचं धाराशिव २०२३ साली झालं, आजीच्या तोंडी ते आधीपासूनच होतं.) मी तिला सहज सांगत होतो की आमच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. आजीचा पहिला प्रश्न, "मग लेकराला कुठं ठेवती ती?"

"हापिसातच. खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. मधूनमधून जाऊन दूध पाजून येते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग आजी म्हणाली, "आमच्या मायला तसलं काही असतं, तर आमचा थोरला भाऊ वाचला असता बघ."

आजीला थोरला भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं!

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. आजीची आई, म्हणजे माझी पणजी, लग्नानंतर सोलापूरला गेली. गावात पाऊस नाही, काम नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांनी तेव्हा सोलापूरच्या गिरण्यांची वाट धरली होती. पणजीला एका गिरणीत काम मिळालं. बाळ दोन महिन्यांचं असताना ती पुन्हा कामावर उभी राहिली. बाळ चाळीतल्या एका म्हातारीकडे, आणि सकाळी निघताना त्याच्या तोंडात मोहरीएवढी काळी गोळी. "गोळी दिली की दुपारपर्यंत हूं नाही का चूं नाही," आजी म्हणाली. बाळ दिवसेंदिवस सुकत गेलं. एके दिवशी दुपारी उठलंच नाही. घरात सांगितलं गेलं की दृष्ट लागली.

ती गोळी अफूची होती.

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. स्वतःच्या बाळाला अफू? कुठली आई असं करेल? मग त्या वीकेंडला वाचत बसलो आणि लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा होता. असं न करणाऱ्या आया किती होत्या, हे विचारायला हवं होतं.

आधी एक घोळ मिटवतो. बाळगोळी म्हणजे बाळगुटी नव्हे. गुटी म्हणजे मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, हरडा, खारीक, बदाम वगैरे सहाणेवर उगाळून दुधातून देतात ती. ती तुम्हीआम्हीही चाटली असेल. बाळगोळी वेगळी. तिच्यात इतर गोष्टींबरोबर अफू असायची, आणि मुंबई इलाख्यात ती घरोघरी माहीत होती. अफू तेव्हा चोरून विकली जात नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात ती राजरोस मिळायची आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जायचा. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये अफूविरोधकांनी फारच आरडाओरडा केला, म्हणून १८९३ साली एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. लहान मुलांना अफू देण्याची चाल या कमिशनपुढेही आली. १८९५ च्या अहवालाचा एकूण सूर मात्र 'बंदी घालण्यासारखं काही नाही' असाच होता.

पुढे १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला रजा आणि मदत मिळावी असा ठराव तिथे झाला. मग मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ साली आला. त्यातलं एक वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते!

९८ टक्के. हा आकडा मोजून काढला की अंदाजाने, यावर वाद घालता येईल. पण निम्मा धरला तरी काय उरतं? त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६०० हून अधिक बालमृत्यू होते. यात एक मेख आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जायच्या, त्यामुळे जन्माची नोंद गावाला आणि मृत्यूची मुंबईत. म्हणजे खरा दर यापेक्षा कमी असणार. तरीही तो भयंकरच होता. आणि हे सगळे मृत्यू अफूने झाले असंही नाही. एका खोलीत आठ-दहा माणसं, घाण पाणी, देवी, हगवण हे सगळं होतंच.

आता ही गोळी काय करते ते बघू. (इंजिनिअर असल्यामुळे 'आत काय चालतं' हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.) अफूतलं मॉर्फिन मेंदूतल्या ठरावीक जागी जाऊन बसतं. त्याने वेदना कमी होते, झोप येते, आतड्याची हालचाल मंदावते आणि श्वासही मंदावतो. मोठ्या माणसाचं यकृत ते औषध बऱ्यापैकी लवकर निकालात काढतं. तान्ह्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार झालेलं नसतं, त्यामुळे तेच औषध अंगात रेंगाळतं. झोपलेलं बाळ दूध मागत नाही, म्हणून ते सुकतं. आणि हाताने वळलेल्या गोळीत आज किती आणि उद्या किती अफू गेली, हे कोण मोजणार? एखाद्या दिवशी जरा जास्त गेली की श्वास थांबतो.

याहून वाईट भाग पुढेच आहे. रोज अफू मिळाली की शरीराला तिची सवय होते. मग आईने एखाद दिवशी गोळी दिली नाही तर बाळ थरथरतं, किंचाळतं, दूध ओकतं, जुलाब होतात. बिचाऱ्या आईला वाटतं, बघा, गोळीशिवाय बाळाला किती त्रास होतो! मग पुन्हा गोळी. प्रोग्रॅम लूपमध्ये अडकतो ना, अगदी तसं.

"तिला कळत नव्हतं का?" मी आजीला विचारलं.

"कळून काय करावं? साच्यापाशी घेऊन बसावं का लेकराला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९२२ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास काम करून घेता येत होतं. ११ तास आई नाही, बदली दूध नाही, सांभाळायला धडधाकट माणूस नाही. त्या रिकाम्या ११ तासांत ती मोहरीएवढी गोळी बसवली होती. अफू आईच्या जागी बदली कामगार म्हणून उभी होती, एवढंच!

हे ओळखणारी माणसं तेव्हाही होती. 'आया अडाणी आहेत' म्हणून मोकळं होण्याऐवजी त्यांनी रजा आणि पाळणाघर मागितलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बाजूने बोलले आणि १९२९ साली कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आली. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आमच्यासारख्या हापिसांना पाळणाघराचा नियम २०१७ च्या दुरुस्तीने लागू झाला. आम्ही त्याला 'एम्प्लॉयी बेनिफिट' म्हणतो. पणजीच्या हिशेबात ते एक मूल होतं.

इथे गोष्ट संपली असती. पण वाचता वाचता मी दुसऱ्याच टोकाला पोचलो. गोळी न घेताही काही बाळं अशीच थरथरत जन्माला येतात, कारण गरोदरपणी आईलाच हेरॉइन, गर्द किंवा वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असतं. नाळ तुटते आणि बाळाचा पुरवठा एकदम बंद पडतो. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी या लक्षणांना गुण देणारा एक तक्ता बनवला. गुण वाढले की बाळाला मॉर्फिनचे थेंब सुरू करायचे आणि मग हळूहळू कमी करत न्यायचे.

आईचं काय? आपल्याला वाटतं तिने ताबडतोब सगळं सोडावं. पण गरोदरपणी ते एकदम तोडणं धोक्याचं असतं आणि बाई पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यताही मोठी. म्हणून डॉक्टर तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मोजून देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांच्या बाळांना मॉर्फिन बरंच कमी लागलं आणि ती लवकर घरी गेली. अडचण वेगळीच आहे. लाजेपोटी आणि भीतीपोटी या बायका दवाखान्यात येतच नाहीत. पुण्याच्या मुक्तांगणलाही स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढावा लागला, तो उगाच नाही.

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. अलीकडे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो गुणांचा लांबलचक तक्ता बाजूला ठेवून बघितला. तीनच प्रश्न विचारायचे. बाळ नीट पितंय का? झोपतंय का? कुशीत घेतल्यावर शांत होतंय का? बाळाला आईजवळ ठेवायचं, अंधाऱ्या शांत खोलीत, अंगाशी धरून, दूध पाजत. औषध त्यानंतर, लागलंच तर. २६ रुग्णालयांतल्या १३०० हून अधिक बाळांवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला. जुन्या पद्धतीत बाळाला घरी जायला सरासरी सुमारे १५ दिवस लागत होते, नव्या पद्धतीत सुमारे ८. जुन्या पद्धतीत निम्म्या बाळांना मॉर्फिनसारखं औषध द्यावं लागलं, नव्या पद्धतीत साधारण पाचातल्या एकालाच.

शंभर वर्षांपूर्वी आई मिळत नव्हती म्हणून बाळाला अफू दिली. आता अफूच्या ऐवजी आई देतात, आणि ती जास्त लागू पडते.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं, आकडे गाळून. ती म्हणाली, "हे कळायला एवढी मशिनं लागली व्हय?" :-)

मग तिने विषय बदलला. दिवाळी जवळ आली, गावातल्या कोयत्याच्या जोड्या निघायला लागल्यात. ऊसतोडीला. शेजारच्या सुनेचं लेकरू चार महिन्यांचं आहे. तेही चाललंय. पहाटे आईबाप फडात उतरले की ते कोपीत किंवा झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत पडणार.

"तिला पाळणाघर कोण देणार?" आजीने विचारलं. मुकादम, कारखाना, सरकार... मी नावं घेत गेलो आणि प्रत्येक नावापुढे ती नुसतं "हं" म्हणत गेली.

असो. उद्या सोमवार, साडेनऊला मीटिंग. जाता जाता खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात एकदा डोकावणार आहे. पणजीच्या पोराला नाव ठेवलं होतं की नाही, ते आजीला विचारायचं राहिलंच.