सूर्यशक्तीचा राखणदार

शक्ती मिळविणे हा मानवी पराक्रमाचा एक भाग. मिळालेली शक्ती सांभाळणे हा दुसरा. पहिल्याचे पोवाडे इतिहास गातो. दुसऱ्याची दखल तो क्वचितच घेतो. सूर्यशक्तीच्या इतिहासात ही उपेक्षा बॅटरीच्या भरणीवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाच्या वाट्यास आली.

पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन या त्रयीने सिलिकॉनचा सौरघट घडविला आणि एप्रिल १९५४ मध्ये तो जगापुढे आला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचे तो विजेत रूपांतर करी. दुसऱ्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे टेलिफोनच्या खांबावर असे घट बसविण्यात आले. दिवसा उरलेली वीज बॅटरीत साठवावयाची व रात्री वापरावयाची, ही आजच्या सौरदिव्यांची रीत तेथे आधीच अवलंबिली गेली होती.

तथापि सूर्य आणि बॅटरी यांचा हा संसार वाटतो तितका सुखाचा नव्हे. सूर्याला थांबणे ठाऊक नाही आणि शिशाच्या बॅटरीला अतिरेक सोसत नाही. बारा व्होल्टच्या भरत आलेल्या बॅटरीचा दाब साडेचौदाच्या पलीकडे जाऊ दिला, की आतील पाण्याचे विघटन होऊन वायू सुटू लागतात; पाणी आटते, पत्रे झिजतात. उलट, ती रिकामी पडून राहिली तर पत्र्यांवर क्षाराचे कठीण थर बसतात. शिवाय रात्री वीज उलट वाटेने फलकात झिरपते, ती निराळीच.

मोटारीच्या डायनॅमोपुढे अशीच अडचण होती; तेथे ‘कटाउट’ हा चुंबकीय खटका कामी आला. सौरफलकांसाठीही डायोड, खटके व ट्रान्झिस्टर योजले गेले. परंतु प्रत्येक नव्या कसोटीसाठी मंडलात नवे भाग जोडावे लागत. १९७० नंतरच्या दशकात गणकयंत्राचा सारा प्रपंच सिलिकॉनच्या एकाच चकतीवर मावू लागला. १९८० साली इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला. अशी चकती पुढे स्वस्त झाली, तेव्हा नियंत्रकाला जणू विवेकच लाभला. ती बॅटरीचा दाब व तपमान पुनःपुन्हा मोजते. आरंभी वीज मोकळी सोडते, मग विजेचा खटका क्षणोक्षणी उघडमीट करून प्रवाह आवरते, आणि शेवटी बॅटरी भरलेली राहील इतकाच पुरवठा ठेवते. उन्हाळ्यात मर्यादा किंचित खाली, हिवाळ्यात किंचित वर, हा हिशेबही तीच करते. बॅटरी फार उतरली, तर ती दिवाच तोडते.

सौरफलक वीस-पंचवीस वर्षे टिकतो. बॅटरी मात्र हयगयीने दोन-तीन वर्षांतच निकामी होते. मग ज्या घरात त्या दिव्याखाली मुलांचा अभ्यास चाले, तेथे पुन्हा कंदील लागतो आणि दोष सूर्यशक्तीला दिला जातो. वस्तुतः तेथे उणीव असते ती या लहानशा राखणदाराची. फलक घेताना त्याची चौकशी आधी व्हावी, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.