फोटो एडिटिंगसाठी पेन टॅब्लेट घेताय? दाबाच्या आकड्यापेक्षा माप बघा

वर्षश्राद्ध जवळ आलं की स्टुडिओत एक काम हमखास येतं. घरात गेलेल्या माणसाचा धड एक फोटो नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत, तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा सावलीत. त्यातून भिंतीवर लावायची मोठी फ्रेम करून द्यायची असते. माऊस धरून बसलेला पोरगा डाग काढतो, सावली उजळतो, आणि त्या भरात कपाळावरच्या आठ्या, गालाचा खड्डा सगळं पुसून जातं. घरचे येतात, फोटो हातात घेतात आणि म्हणतात, "छान झालाय हो, पण हे आमचे आबा वाटत नाहीत." झालं, काम परत.

यात सगळी चूक हाताची नसते. माऊसला दाब कळत नाही. बटण दाबलं की ब्रश चालू, सोडलं की बंद. हलका हात, जड हात असं काही त्यात नाहीच. पेन टॅब्लेटमध्ये पेन जेवढं टेकवाल तेवढाच रंग, तेवढाच उजेड उतरतो. फोटो दुरुस्तीत त्याचा खरा उपयोग हात आवरण्यासाठी आहे. आठी पुसायची नसते, थोडी हलकी करायची असते. नवरीच्या चेहऱ्याचंही तेच. मुरुमाचा डाग जावा, पण कातडीचा पोत आणि तिचा मूळ रंग राहावा.

बहुतेक चांगल्या टॅब्लेटच्या पेनात बॅटरी नसते. पाटीखालच्या तारांच्या जाळ्यातून विद्युतचुंबकीय लहरी निघतात, पेनातली छोटी कॉइल त्यांना प्रतिसाद देते आणि त्यावरून पेन कुठे आहे, किती दाबलंय हे पाटीला कळतं. जपानच्या वॅकॉम कंपनीने ही पद्धत रुळवली. आता ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांची बिनबॅटरीची पेनंही सर्रास मिळतात. चार्जिंग लागणारं पेन स्वस्तात मिळत असलं तरी घेऊ नये. ऐन सीझनमध्ये, अल्बम प्रिंटला द्यायच्या आदल्या रात्रीच ते उतरलेलं असतं.

दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की सगळ्यात मोठ्या अक्षरात दाबाच्या पातळ्यांचा आकडा दिसतो. २०४८, ४०९६, ८१९२, आणि आता तर १६ हजारांच्याही पुढे. या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. रोजच्या ८ बिटच्या फोटोत एका रंगाच्या छटाच २५६ असतात. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक डोळ्याला कळत नाही की हाताला. कळतं ते वेगळंच, की पेन अगदी हलकं टेकवल्यावर रेघ उमटते का. काही पेनांना सुरुवातीलाच जोर द्यावा लागतो, आणि मग हलक्या हाताचा सगळा फायदाच गेला. घ्यायच्या आधी कुणाकडे बघायला मिळाला तर दोन गोष्टी करून पाहाव्यात. एक, पेन नुसतं फिरवावं, दाबू नये. दुसरी, पाटीवर पट्टी तिरकी ठेवून सावकाश रेघ ओढावी. रेघ नागमोडी आली तर तो टॅब्लेट तिथेच ठेवावा.

खरा विचार मापाचा करायचा. पाटी केवढी दिसते ते सोडा, पेन चालतं तो भाग किती आहे ते बघा. 'वन बाय वॅकॉम' आणि 'इंट्युओस' या दोन्हींच्या लहान मापात हा भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढा. मध्यम मापात २१६ बाय १३५. आता समोरचा पडदा बघा. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. लहान पाटीवर हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर बाण साडेतीन सेंटिमीटर पळतो. मध्यम पाटीवर अडीच सेंटिमीटर. १५ इंची लॅपटॉपवर मात्र लहान पाटीही सव्वादोन सेंटिमीटरवर येते. त्यामुळे लॅपटॉपवर काम करणाऱ्याला लहान माप चालून जातं, पण मोठ्या मॉनिटरवर दिवसभर रिटचिंग करणाऱ्याने मध्यमच घ्यावं. लहान पाटीवर सगळं काम बोटांनी आणि मनगटाने होतं, मध्यम पाटीवर कोपरापासून हात फिरतो. रात्री मनगट धरून बसायची वेळ येते ती इथूनच. त्याहून मोठं माप चित्रकाराला ठीक. फोटोसाठी नाहक टेबल अडतं, कीबोर्डला जागा राहत नाही.

पडदे दोन असतील तर पाटी एकाच पडद्याला बांधावी. नाहीतर एवढ्याशा जागेत दोन्ही पडदे कोंबले जातात आणि बारीक काम होत नाही. आणखी एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाटीचं प्रमाण १६ बाय १० आणि पडद्याचं १६ बाय ९ असलं तर हाताने गोल काढला तरी पडद्यावर तो थोडा अंडाकृती येतो. ड्रायव्हरमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' ही खूण करायची, पाटीची थोडी पट्टी वाया जाते, पण डोळ्याची बाहुली गोल राहते.

कोणता घ्यावा? नुसतं शिकायचं असेल, किंवा महिन्याला चार-दोनच कामं असतील, तर 'वन बाय वॅकॉम' पुरे. पाटीवर एकही बटण नाही, दाब २०४८ पातळ्यांचा, पण पेन भरवशाचं. इंट्युओसवर चार बटणं मिळतात आणि दाब ४०९६. बटणांसाठी जादा पैसे द्यावेत का, तर डावा हात कीबोर्डवर ठेवायची सवय असणाऱ्याला गरज नाही. ह्युऑन आणि एक्सपी-पेन त्याच पैशात मोठी पाटी आणि जास्त बटणं देतात. हात तंगीत असेल तर मध्यम मापासाठी हाच रस्ता बरा, फक्त ड्रायव्हरची थोडी कटकट सोसायची तयारी हवी. 'इंट्युओस प्रो' चांगलाच आहे, पेनाचा तिरकेपणाही ओळखतो, पण फोटो दुरुस्तीत तिरकेपणाचा उपयोग क्वचितच होतो.

ज्यावर थेट फोटो दिसतो तो पडद्याचा टॅब्लेट बघितला की मन चळतंच. पण फोटोचं काम रंगाचं आहे. त्या पडद्याचा रंग एक, मॉनिटरचा दुसरा आणि प्रेसमधून आलेल्या अल्बमचा तिसरा, असं झालं की कपाळाला हात. वर मान खाली घालून बसायचं, आणि आपलाच हात फोटोवर आडवा. तेवढे पैसे असतील तर साधी पाटी घेऊन उरलेले चांगल्या मॉनिटरवर घालावेत. साध्या पाटीत मान सरळ राहते, नजर एकाच पडद्यावर.

टॅब्लेट आणला, जोडला आणि दाबच चालेना, ही तक्रार नेहमीची. आधीच्या कंपनीचा ड्रायव्हर संगणकात तसाच असेल तर दोघांचं भांडण होतं. जुना पूर्ण काढावा, संगणक बंद करून चालू करावा, मग नवा बसवावा. विंडोजवर फोटोशॉपसाठी ड्रायव्हरमधलं 'विंडोज इंक' सहसा चालू लागतं. ब्रश सेटिंग्जमध्ये 'ट्रान्सफर' उघडून ओपॅसिटीचा ताबा 'पेन प्रेशर'कडे द्यावा. ब्रशच्या आकाराला दाब जोडू नये, निदान चेहऱ्यावर काम करताना तरी. फ्लो दहाच्या आसपास ठेवावा. उजेड-सावलीचं काम मूळ फोटोवर करायचं नाही. वर वेगळा लेयर घ्यावा, ५० टक्के करड्या रंगाने भरावा, मोड 'सॉफ्ट लाइट' ठेवावा आणि त्यावर डॉज-बर्न करावं. आबांच्या आठ्या जास्तच गेल्या असं वाटलं तर त्या लेयरची ओपॅसिटी उतरवली की परत येतात. फुकटातला जिम्पही पेनाचा दाब ओळखतो, परवान्याचे पैसे नसतील त्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

जुना टॅब्लेट घेताना पाटीपेक्षा पेन तपासावं. एका मॉडेलचं पेन दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि सुटं पेन घ्यायला गेलं तर स्वस्त टॅब्लेटच्या किमतीचा मोठा वाटा त्यातच जातो. केबल घालायची जागा ढिली आहे का, हलवल्यावर तुटतं का हे बघावं. निब एका बाजूने घासून धारदार झाली असेल तर लगेच बदलावी, नाहीतर पाटीवर ओरखडे पडतात. निबा स्वस्त असतात आणि बहुतेक कंपन्या बॉक्समध्ये काही जादा देतात. बॉक्स टाकून देताना त्याही कचऱ्यात जातात, तेवढं जपावं. डावखुऱ्याने पाटी उलटी फिरवून ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताची खूण करावी, वेगळा टॅब्लेट शोधत बसू नये.

पहिले आठ-दहा दिवस वैताग येतो. माऊस उचलून परत कुठेही ठेवता येतो, पेनाचं तसं नाही. पाटीचा प्रत्येक कोपरा पडद्याच्या त्याच कोपऱ्याला बांधलेला असतो. नजर वर आणि हात खाली, हे जुळेपर्यंत चुकतं. त्या दिवसांत माऊस ड्रॉवरमध्ये टाकावा आणि फाइल उघडणं, फोल्डर लावणं हेसुद्धा पेनानेच करावं. लग्नाच्या मुहूर्तांच्या धामधुमीत नवा टॅब्लेट घेऊ नये. आषाढात स्टुडिओ रिकामा असतो, हात बसवायला तेवढा वेळ पुरतो.