वाडांच्या खात्यावर

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या नमकीन कारखान्यात तेलाचे डबे रोज रिकामे होतात. तळाला भोकं पाडून त्यांत मी रोजमेरी आणि थाइम लावते. थाइमचं पान चुरडलं की ओव्याचा वास येतो, दोन्हीत थायमॉलच. भूमध्य सागराकाठच्या या झुडपांना माळव्याची पाणी धरणारी काळी माती सोसत नाही, म्हणून निम्मी वाळू आणि मूठभर कंपोस्ट.

कंपोस्ट मात्र अस्सल इंदुरी. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे थर रचून, उलथून, तीनेक महिन्यांत खत करायची रीत बसवली. १९३१ साली दोघांचं पुस्तक निघालं. पुढे नाव हॉवर्डचं झालं, वाड मागे पडले. माझ्या डब्यांतलं खत मी वाडांच्या खात्यावर मांडते.