प्रोफायलरचा हिशोब आणि त्याचा वाचक

परतूरच्या मोंढ्यातील जुन्या व्यापाऱ्यास कीर्द आणि खतावणी यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तो ज्याच्या नावे पडला त्याच्या खात्यावर जातो. संगणकाचा प्रोग्राम कोणत्या कामात किती वेळ खर्च करतो, याचा हिशोब मांडणारे प्रोफायलर हे साधन वस्तुतः अशीच खतावणी होय. त्याचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, मोजणीची विद्या लवकर साधली. खाते कोणाच्या नावे लिहावे आणि ते नाव वाचणाऱ्यास कसे ओळखू यावे, हा प्रश्न मात्र मागे रेंगाळला.

डोनाल्ड नूथ यांनी १९७१ साली फोरट्रान प्रोग्रामांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रोग्रामचा ४ टक्क्यांहून कमी भाग बहुधा निम्म्याहून अधिक वेळ खातो, हा तिचा निष्कर्ष. पुढे १९८२ मध्ये बर्कली येथील ग्रॅहम, केसलर व मॅक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ सादर केले. एका फंक्शनने दुसऱ्याकडून काम करवून घेतले, तर त्या कामाचा वेळ करवून घेणाऱ्याच्या खातीही दाखवावा, ही त्याची मोलाची भर. परंतु ही वाटणी हाकांच्या संख्येवरून, प्रत्येक हाकेला सरासरी वेळ लागला असे गृहीत धरून होई. एकत्र कुटुंबाचा खर्च माणशी सारखा वाटावा, मग कोणी पंगत झोडलेली असो वा कोणी उपवास केलेला असो, तसाच हा प्रकार!

टेक्स्ट एडिटरच्या बाबतीत अडचण अधिक नाजूक होती. एडिटर वापरणारा नेहमीच प्रोग्रामर असतो असे नाही. तथापि १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी वितरित केलेल्या ग्नू ईमॅक्समध्ये वापरणाऱ्यास लिस्प भाषेतून स्वतःची भर घालता येते आणि ती भरच पुष्कळदा एडिटरला मंद करते. बॅरी वॉर्सॉ यांच्या १९९४ च्या ‘ईएलपी’त कोणती फंक्शने मोजावयाची ते आधीच सांगावे लागे. चोर ठाऊक असेल तरच पहारा बसवता यावा, अशी ही सोय. विम एडिटरच्या सातव्या आवृत्तीत (२००६) प्रोफायलर आला. पण त्याचा अहवाल एडिटर बंद केल्यावरच फाइलीत उतरे.

ईमॅक्सच्या २४.३ या आवृत्तीत (२०१३) तोमोहिरो मात्सुयामा यांनी रचलेला नवा प्रोफायलर समाविष्ट झाला. तो मूळ मांडणीत दर १ मिलिसेकंदास कोणते काम चालू आहे याची नोंद घेतो. आधी नावे देण्याचे कारण उरले नाही. ही सुधारणा निःसंशय मोठी. अहवाल मात्र मिटलेल्या वृक्षाच्या रूपाने पुढे येतो आणि फांदीफांदी उलगडून पाहावी लागते. हाकांची साखळी मूळ मांडणीत १६ पायऱ्यांपर्यंतच नोंदली जात असल्याने खोलवर गेलेल्या कामाचा मूळ धनी गळून पडतो. ज्या फंक्शनांना लिहिणाऱ्याने नावच दिलेले नाही, त्यांच्या जागी यंत्राच्या स्मृतीतील पत्ता किंवा संकलित कोडाचा तुकडा उभा राहतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे निर्देश आहे, पण अर्थबोध नाही.

देवनागरीपुरते याचे उदाहरण घ्यावे. परतूर परिसरातील बोलीचा शब्दसंग्रह टंकित करताना एखाद्या अभ्यासकाचा ईमॅक्स अडखळू लागला आणि त्याने प्रोफायलर चालविला, तर बराचसा वेळ ‘रीडिस्प्ले इंटर्नल, सी फंक्शन’ या एकाच खाती जमा झालेला दिसण्याचा संभव असतो. अक्षरे पडद्यावर उमटविण्यात वेळ गेला एवढेच त्यावरून कळते. ओळ फार लांब झाली आहे, टंकाचा दोष आहे की जोडाक्षरांची मांडणी जड जाते आहे, याचा उलगडा ते नाव करीत नाही. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये रूढ केलेल्या ज्वालालेखात पट्टीच्या रुंदीवरून खर्च एका दृष्टिक्षेपात दिसतो. परंतु पट्टीवर लिहिलेले नाव जर परकेच असेल, तर रुंदी पाहून तरी काय करावे? २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्समधील जोडाक्षरांची जुळणी ‘हार्फबझ’च्या साहाय्याने होऊ लागली आणि २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत अतिलांब ओळींचा जाचही पुष्कळ कमी झाला. अहवालातील त्या खात्याचे नाव मात्र पूर्वीचेच राहिले आहे.